जनगणनेतलं ‘कुटुंब’ नेमकं कसं मोजतात? चूल, शिधापत्रिका आणि नातं

मोजपट्टी (धागाकर्ती)

तालुक्याच्या आराखड्यात, वर्तमानपत्रात, प्रकल्प अहवालात ‘एकूण कुटुंबे इतकी’ असा आकडा असतो आणि पुढची सगळी गणितं त्यावर उभी राहतात. नळजोडण्या किती लागतील, शौचालयं किती झाली, घरं किती कमी पडतात. हा आकडा ज्या व्याख्येवर उभा आहे ती मात्र फारसं कुणी उघडून बघत नाही. म्हणून हा धागा.

जनगणनेचं कुटुंब नात्यावर ठरत नाही, चुलीवर ठरतं. २०११ च्या सूचनांमधली व्याख्या सोप्या भाषेत अशी : जी माणसं सर्वसाधारणपणे एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात, त्यांचं एक कुटुंब. कामाच्या निकडीपायी एखाद्याला बाहेर जेवावं लागत असेल तर त्याने तो कुटुंबाबाहेर जात नाही. एका चुलीवरच्या माणसांत नातं असो वा नसो, कुटुंब एकच. उलट सख्खे भाऊ एका छपराखाली राहतात पण शिजतं वेगळं, तर कुटुंबं दोन. आपल्याकडे ‘वेगळे निघाले’ म्हणताना लोक चुलीबद्दलच बोलत असतात, त्यामुळे ही व्याख्या मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. अडचण येते ती दारात उभं राहून ती लागू करताना.

कुटुंबाचे तीन प्रकार : सर्वसाधारण, संस्थात्मक (वसतिगृह, तुरुंग, आश्रम, अनाथालय, जिथे नातं नसलेली माणसं संस्थेच्या स्वयंपाकघरात जेवतात) आणि बेघर. बेघरांची मोजणी एकाच रात्री होते. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली, आणि देशभरात सुमारे १७.७ लाख माणसं बेघर म्हणून नोंदली गेली.

आता एक घर घेऊ. सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावातलं, दोनमजली. खाली म्हातारे आई-वडील, थोरला मुलगा, सून, त्यांचा शाळकरी मुलगा. थोरल्याची मुलगी पुण्याला वसतिगृहात. वर धाकटा, त्याची बायको, त्यांची मुलगी. वर गॅस वेगळा, शिजतं वेगळं, पण ज्वारी-गहू घरच्या शेतातलाच, वाटून घेतलेला. मधला मुलगा सैन्यात, बराकीत. गोठ्याशेजारच्या खोलीत सालगडी राहतो, तो थोरल्याकडे जेवतो. मागच्या खोलीत भाड्याने एक शिक्षक, स्वतःचं स्वतः शिजवतो.

शिधापत्रिका एक, तिच्यावर नावं दहा : आई, वडील, थोरला, सून, त्यांची दोन मुलं, मधला, धाकटा, त्याची बायको, त्यांची मुलगी.

जनगणनेची कुटुंबं तीन. पहिलं सहा माणसांचं (आई, वडील, थोरला, सून, मुलगा आणि सालगडी), दुसरं तीन माणसांचं, तिसरं एकट्या शिक्षकाचं. बेरीज पुन्हा दहाच. पण हे दहा ते दहा नव्हेत! वसतिगृहातली मुलगी आणि बराकीतला मुलगा गेले, सालगडी आणि शिक्षक आले. बेरीज जुळली म्हणून नोंद बरोबर आहे असं समजणारा पर्यवेक्षक इथे हमखास फसतो.

आणि ‘जनगणना घर’ ही याहून वेगळी गोष्ट आहे. रस्त्यावरून, अंगणातून किंवा समाईक जिन्यावरून स्वतंत्र मुख्य प्रवेश असलेला इमारतीचा भाग म्हणजे एक जनगणना घर. वरच्या मजल्याचा जिना बाहेरून असेल तर वरचं घर वेगळं. जिना खालच्या माजघरातून असेल तर घर एक, कुटुंबं दोन. इमारत, घर, कुटुंब हे तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत. २०११ मध्ये देशात जनगणना घरं सुमारे ३३ कोटी होती, त्यातली जवळपास अडीच कोटी रिकामी, आणि कुटुंबं सुमारे २४.७ कोटी. महाराष्ट्रात कुटुंबं सुमारे २.३८ कोटी. तेहेतीस कोटी हा आकडा कुटुंबांचा म्हणून छापलेला मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिला आहे.


पायवाट

माहितीपूर्ण धागा, धन्यवाद. एक शंका. घरात दोन गॅसजोडण्या असतात, एक सासूच्या नावावर, एक सुनेच्या. किंवा आत गॅस आणि परसात पाण्याची-भाकरीची चूल. मग स्वयंपाकघरं किती धरायची? आणि धान्य एकत्र पण शिजवणं वेगळं, हे एक की दोन?


मोजपट्टी

पायवाट, शेगड्या मोजायच्या नाहीत. भाकरी परसातल्या चुलीवर आणि भाजी आत गॅसवर होत असेल, ताटं एकत्र वाढली जात असतील, तर चूल एकच. दारात विचारायचा प्रश्न ‘सिलिंडर किती’ हा नाही, ‘रेशनकार्डं किती’ हा तर नाहीच नाही. ‘तुमच्याकडे रोजचं जेवण कुणाकुणाचं एकत्र शिजतं?’ असं विचारावं. माणूस बोटांवर मोजत नावं सांगतो आणि काम होतं.

धान्य एकत्र, शिजवणं वेगळं, तर कुटुंबं दोन. पीक, जमीन, सातबारा यांचा या व्याख्येशी संबंध नाही.

एक नेहमीची चूक सांगते. लोक प्रगणकाला (मोजणीसाठी दारात येणाऱ्याला) उलट विचारतात, ‘वेगळं लिहिलं तर काही मिळणार आहे का?’ तिथे ‘हो’ किंवा ‘नाही’ काहीही उत्तर दिलं की चूल तिथल्या तिथे फुटते नाहीतर जुळते. जनगणनेतली वैयक्तिक माहिती १९४८ च्या कायद्याने गोपनीय आहे, ती कुठल्या योजनेच्या पात्रतेसाठी वापरली जात नाही. हे आधी स्पष्ट सांगून मग जेवणाचा प्रश्न विचारावा.


गिरणगाव

मुंबईतली जुनी गोष्ट यात चपखल बसते. गिरणगावातल्या चाळीत एका गावच्या मंडळाची दहा बाय बाराची खोली, त्यात पाळीपाळीने झोपणारे दहा-बारा पुरुष. ते खानावळीत जेवत असतील तर व्याख्येनुसार ते दहा-बारा वेगवेगळी एकमाणशी कुटुंबं. त्यांनी खोलीतच समाईक स्वयंपाक सुरू केला तर तीच माणसं, तीच खोली, पण कुटुंब एक. आज हेच पुण्यात हिंजवडीला, खराडीला चाललंय : चार मुलांचा फ्लॅट, डबा बाहेरून, तर चार कुटुंबं. एक बाई येऊन चौघांचं एकत्र करून जाते, तर एक.

त्यामुळे शहरात ‘एकमाणशी कुटुंबं वाढली’ असा आकडा आला की त्यात एकाकीपणा किती आणि डबेवाली किती हे वेगळं करून बघावं लागतं. प्रत्यक्षात प्रगणक अशा खोलीचं सोयीने एकच कुटुंब करून टाकतो, कारण बारा कुटुंबांच्या बारा नोंदी कराव्या लागतात. चूक दोन्ही बाजूंनी होते.


रानमोगरा

ऊसतोडीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कुटुंबाच्या व्याख्येची खरी परीक्षा तिथे आहे.

बीड, अहिल्यानगर, जालना या भागातली माणसं दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि गाळप संपलं की मार्च-एप्रिलमध्ये परततात. तिथे मोजायचं एकक कुटुंब नाहीच, ‘कोयता’ आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल (आगाऊ रक्कम) त्या जोडीवर. लहान पोरं बरोबर येतात किंवा आजी-आजोबांजवळ गावी राहतात.

आता जनगणनेचं वेळापत्रक बघा. घरयादीचा (घरं आणि कुटुंबं नोंदण्याचा) टप्पा २०१० मध्ये एप्रिल ते सप्टेंबर होता. त्या वेळी हे सगळे गावात. घरयादीत कुटुंब सात माणसांचं. लोकसंख्येची मोजणी २०११ च्या ९ ते २८ फेब्रुवारीत. त्या वेळी नवरा-बायको आणि तान्हं मूल सांगली-कोल्हापूरकडे कोपीत (तात्पुरत्या झोपडीत), गावी म्हातारे आणि दोन नातवंडं. मोजणीच्या सबंध काळात जो माणूस आपल्या नेहमीच्या ठिकाणाहून दूर असतो त्याला तो जिथे सापडेल तिथे मोजतात. म्हणजे एकाच घराची दोन कुटुंबं झाली : चार जणांचं गावात, तीन जणांचं उसाच्या फडात. घरयादीच्या तक्त्यातली गावची कुटुंबसंख्या आणि लोकसंख्येच्या तक्त्यातली माणसं एकमेकांना भागून सरासरी काढली की या गावांत ती खोटी निघते. भागायचं तर दोन्ही आकडे एकाच टप्प्यातले घ्या.

हे कागदावर तरी नीट आहे. फडात काय होतं? कोप्या गावठाणाबाहेर, कुणाच्या तरी रानात, आज इथे तर पंधरा दिवसांनी दुसऱ्या गावच्या शिवारात. प्रगणन गटाचा नकाशा करताना ती जागा मोकळं रान असते. माणसं पहाटे चारला फडात जातात, प्रगणक अकराला येतो, कोपीत सात वर्षांची पोरगी भावंडाला घेऊन बसलेली. ती कुणाकुणाचं नाव सांगणार? दोन्हीकडून सुटणारी माणसं ही अशी असतात. फडाच्या गावांत मोजणी संध्याकाळी सातनंतर, मुकादमाला आदल्या दिवशी सांगून, टोळीच्या जागेवर जाऊन करावी. मुकादमाच्या वहीतून नावं उतरवून घेऊ नयेत, कारण वहीत कोयते असतात, मुलं नसतात.


तळटीप

रानमोगरा, फार मोलाचा प्रतिसाद. त्याला जोडून : राष्ट्रीय नमुना पाहणीत हेच कुटुंब पुन्हा वेगळं दिसतं. तिथेही समाईक स्वयंपाकघर हीच खूण आहे, पण ‘सर्वसाधारणपणे’ या शब्दाला मुदत लावलेली आहे. घरापासून दूर राहण्याचा एकूण काळ सहा महिन्यांहून कमी असणार असेल तर तो माणूस घरचाच सदस्य. हंगाम पाच महिन्यांचा असेल तर ऊसतोडीला गेलेली जोडी गावच्या कुटुंबातच मोजायची. सहा महिने ओलांडणार असतील तर वगळायची. पाव्हणेरावळे वगळायचे, तात्पुरते बाहेर गेलेले धरायचे.

नमुना पाहणीचे इतर काही नियम, जे माहीत नसले की आकड्यांचा अर्थच लागत नाही :

शिकायला वसतिगृहात राहणारं मूल आईबापांच्या कुटुंबात नसतं. मेस, वसतिगृह, लॉजमध्ये राहणारा प्रत्येक जण एकमाणशी कुटुंब. त्यांच्यातले काही जण पैसे एकत्र करून खर्च करत असतील तर तेवढ्यांचं एक. घरात राहणारा नोकर, पेइंग गेस्ट हे मालकाच्या कुटुंबात, नुसता भाडेकरू नाही. दवाखान्यात दाखल असलेला रुग्ण आणि खटला चालू असलेला कच्चा कैदी आपल्या मूळ कुटुंबात, शिक्षा झालेला कैदी नाही. सैन्याच्या बराकी पाहणीच्या बाहेर.

खर्चाच्या पाहणीत याचा परिणाम थेट पैशात दिसतो. २०२२-२३ च्या पाहणीत दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ३,७७३ रुपये आणि शहरात ६,४५९ रुपये आला. हा दरडोई म्हणजे कुटुंबाचा खर्च भागिले कुटुंबातली माणसं. धाग्याच्या सुरुवातीचं घर घ्या. थोरल्याच्या कुटुंबाचा खर्च समजा २४,००० रुपये. माणसं सहा, तर दरडोई ४,०००. वसतिगृहातली मुलगी चुकून धरली की सातने भागलं जाऊन ३,४२९. सालगडी चुकून सोडला की पाचने भागून ४,८००. खर्चाचा आकडा एका रुपयाने हलला नाही तरी घर गरीब-श्रीमंत झालं.

जेवणाचीही अशीच अडचण आहे : ताट जिथे शिजतं तिथल्या कुटुंबाच्या खर्चात ते धरलं जातं. शेतावर मजुराला दुपारची भाकरी मालकाकडची असेल तर ती मालकाच्या घरात खाल्ली गेली असं दिसतं. म्हणून मजुराच्या घरची पोषणाची आकडेवारी कमी दिसते आणि बागायतदाराची फुगते. कुटुंबानुसार उष्मांक काढणाऱ्यांनी बाहेर घेतलेल्या आणि बाहेरच्यांना दिलेल्या जेवणांची दुरुस्ती केल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.


पायवाट

तळटीप, मग जन्मदर, आरोग्य वगैरेची जी कुटुंब आरोग्य पाहणी असते तिच्यात काय? तिथला स्त्री-पुरुष प्रमाणाचा आकडा फार गाजला होता.


तळटीप

तोच आकडा या धाग्याचा नमुना म्हणून शिकवावा असा आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हजार पुरुषांमागे १,०२० स्त्रिया आल्या. २०११ च्या जनगणनेत ९४३ होत्या. दहा वर्षांत देश पालटला, असे मथळे छापून आले.

पहिली गोष्ट, १,०२० मध्ये आदल्या रात्री त्या घरात झोपलेली माणसं मोजली होती, नेहमी राहणारी नव्हे. दुसरी, ही पाहणी घरांची आहे. बराकी, कामगारांच्या छावण्या, वसतिगृहं, तुरुंग, फुटपाथ तिच्यात येत नाहीत, आणि या सगळ्या ठिकाणी पुरुष जास्त. कामावर बाहेरगावी गेलेला नवरा घरात झोपलेला नाही, आणि तो जिथे झोपला ते ठिकाण पाहणीत नाही. जनगणना सगळ्यांना मोजते. म्हणून हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवता येत नाहीत. एका पाहणीचा आकडा त्याच पाहणीच्या आधीच्या फेरीशी ताडावा, आणि जन्मावेळचं प्रमाण हवं असेल तर तो वेगळा आकडा आहे, तोच वापरावा.

माणसं बाहेर गेली की प्रमाण कसं हलतं ते आपल्याकडेच दिसतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचं प्रमाण ९२९ आणि रत्नागिरीचं ११२२. रत्नागिरीत मुली जास्त जन्मतात असं कुणी म्हणत नाही, कारण चाकरमानी आपल्याला माहीत आहेत.


कोकणकडा

रत्नागिरीचा विषय निघालाच आहे तर कुटुंबप्रमुखाबद्दल लिहितो, कारण याने दरवेळी जीव तळमळतो.

कुटुंबप्रमुख म्हणजे कुटुंबातली माणसं ज्याला किंवा जिला प्रमुख मानतात ती व्यक्ती. वयाने मोठी हवी, कमावती हवी, पुरुष हवा, अशी अट नाही. पण ती त्या कुटुंबात राहणारी हवी. नवरा वर्षाचे अकरा महिने मुंबईला. गावच्या घरात बायको, सासू, दोन मुलं. बागायत ती बघते, गडी ती लावते, बँकेत ती जाते. प्रगणक विचारतो, ‘घरात मुख्य कोण?’ ती म्हणते, ‘ते मुंबईला असतात.’ आणि तो नवऱ्याचं नाव लिहून मोकळा होतो. एका ओळीत दोन चुका. नवरा मुंबईतही मोजला जाणार, म्हणजे दुहेरी नोंद. आणि स्त्रीप्रमुख कुटुंबांच्या तक्त्यातून ती बाई पुसली गेली. प्रश्न असा विचारावा : ‘आत्ता इथे राहणाऱ्यांपैकी घर कोण चालवतं?’ वाद घालू नये, घरातले सांगतील ते लिहावं, पण ‘आत्ता इथे राहणाऱ्यांपैकी’ हे तीन शब्द गाळू नयेत.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात शिधापत्रिकेपुरती १८ वर्षांवरची सर्वांत वडील स्त्री कुटुंबप्रमुख धरली आहे. त्यामुळे एकाच घराला शिधापत्रिकेवर सासू प्रमुख, जनगणनेत सून किंवा मुलगा. दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर असू शकतात. शिधापत्रिका बघून जनगणनेचा प्रमुख लिहिणं चूक.

नात्याच्या रकान्याबद्दलही. प्रमुखाशी नातं पूर्ण लिहायचं. सूचनापुस्तिकेत काका, पुतण्या-भाचा असे शब्द टाळून ‘भावाचा मुलगा’, ‘बहिणीचा मुलगा’ असं लिहायला सांगितलंय. मराठीत पुतण्या आणि भाचा वेगळे आहेत हे खरं, पण ‘नातू’ मुलाचा की मुलीचा? ‘मेहुणा’ बायकोचा भाऊ की बहिणीचा नवरा? विधवा मुलगी आपल्या मुलासह माहेरी राहते आणि नोंद होते ‘नातू’, तर तक्त्यात तो सरळ मुलाच्या वंशात जाऊन बसतो आणि माहेरी परतलेल्या बायकांची कुटुंबं दिसेनाशी होतात.


अंशछेद

एकत्र कुटुंब मोडलं, हे सिद्ध करायला सरासरी कुटुंब-आकार वापरला जातो, त्याबद्दल.

१९५१ च्या जनगणनेत कुटुंबांचे आकारानुसार गट केले होते : तीनपर्यंत माणसं म्हणजे लहान, चार ते सहा मध्यम, सात ते नऊ मोठं, दहा आणि वर फार मोठं. लहान कुटुंबं बरीच निघाली आणि त्यावरून एकत्र कुटुंब मोडत असल्याचा अर्थ काढला गेला. समाजशास्त्रज्ञांनी तेव्हाच यावर आक्षेप घेतले. नवरा-बायको आणि सहा मुलं म्हणजे आठ माणसं, पण विभक्त. म्हातारी आई, मुलगा, सून म्हणजे तीनच, पण दोन पिढ्यांचं एकत्र. आकारावरून रचना कळत नाही.

२००१ मध्ये सरासरी आकार सुमारे ५.३ होता, २०११ मध्ये ४.९ च्या आसपास. यातली किती घट वेगळं निघण्याची आणि किती मुलं कमी झाल्याची? महाराष्ट्रात बाईमागे मुलांचं प्रमाण १९९२-९३ च्या पाहणीत २.९ होतं, २०१९-२१ च्या पाहणीत १.७. सगळे भाऊ आयुष्यभर एकत्र राहिले असते तरी सरासरी उतरलीच असती. म्हणून आकार नको, कुटुंबातली विवाहित जोडपी मोजा. घरयादीत तो प्रश्न होता. २०११ ला देशातल्या सुमारे ७० टक्के कुटुंबांत एकच जोडपं होतं. हा आकडा रचनेबद्दल काहीतरी सांगतो. त्याला वयाची जोड द्या : साठीपुढची किती माणसं विवाहित मुलासोबत एका चुलीवर आहेत.

आणि ‘कुटुंबांपैकी इतके टक्के’ आणि ‘माणसांपैकी इतके टक्के’ यांत गल्लत नको. दहा कुटुंबं घ्या, पाच दोन-दोन माणसांची, पाच आठ-आठ माणसांची. माणसं पन्नास, सरासरी पाच. निम्मी कुटुंबं लहान आहेत हे खरं. पण पन्नासातली चाळीस माणसं, म्हणजे ८० टक्के, मोठ्या कुटुंबात राहतात हेही तितकंच खरं. लेख लिहिताना कोणता छेद घेतला ते लिहायलाच हवं.

शिवाय मानववंशशास्त्राचं एकत्र कुटुंब हे जनगणनेच्या चुलीपुरतं नसतं. इरावती कर्वे यांच्या व्याख्येत एक छप्पर, एक चूल यांच्याबरोबर समाईक मालमत्ता आणि समाईक कुळाचारही आहे. चूल वेगळी आणि गौरी-गणपती एकत्र, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ. जनगणना त्यातली एकच बाजू मोजते.


न्यूजर्सीकर

परदेशातल्या व्याख्यांची थोडी भर. संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशींत दोन वाटा आहेत. एक, जगण्याची सोय एकत्र करणारी माणसं म्हणजे कुटुंब. भारत या वाटेवर. दुसरी, एका राहत्या गाळ्यात राहणारे सगळे म्हणजे एक कुटुंब, शिजवणं-जेवणं विचारायचंच नाही. अमेरिका दुसऱ्या वाटेवर. न्यूजर्सीत एका अपार्टमेंटमध्ये तीन मराठी विद्यार्थी राहतात आणि तिघांचे कुकर वेगळे. भारतीय व्याख्येत ही तीन कुटुंबं, अमेरिकेत एक ‘हाउसहोल्ड’. शिवाय तिथे ‘फॅमिली’ हा वेगळा आकडा आहे : जन्माने, लग्नाने किंवा दत्तकाने नातं असलेली किमान दोन माणसं. हे तिघे हाउसहोल्ड आहेत, फॅमिली नाहीत. एकटी राहणारी आजीही तशीच. दोन्ही शब्दांचं मराठी भाषांतर ‘कुटुंब’ केलं की तुलना तिथेच बिघडते.

ब्रिटनमध्ये २०११ ला एका पत्त्यावर राहणाऱ्या आणि स्वयंपाकाची सोय तसंच बैठकीची किंवा जेवणाची खोली समाईक असणाऱ्यांचं एक धरलं. म्हणजे एकत्र जेवणं आवश्यक नाही, ओटा आणि दिवाणखाना समाईक असला की पुरे. डेन्मार्क, फिनलंड नोंदवह्यांवरून जनगणना करतात, तिथे एका गाळ्याच्या पत्त्यावर नोंदलेले सगळे एक. चूल विचारायला कुणी दारात जातच नाही.


पायवाट

आणि आपल्या योजनांमधलं कुटुंब? ग्रामपंचायतीत सगळा घोळ तिथेच होतो.


मोजपट्टी

तिथे प्रत्येक कायद्याचं कुटुंब वेगळं, आणि ते वेगळं असायला कारणंही आहेत. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात रक्ताने, लग्नाने किंवा दत्तकाने नातं असलेले, एकत्र राहणारे आणि एकत्र जेवणारे किंवा एक शिधापत्रिका असणारे, असं धरलं होतं. शंभर दिवसांची हमी त्या कुटुंबाला होती, माणसाला नाही. त्यातल्या ‘किंवा’मुळे चूल वेगळी असलेले दोन भाऊ एका शिधापत्रिकेपायी शंभर दिवस वाटून घेत. पीएम किसानमध्ये कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुलं, तिथे एका चुलीवरची तीन कुटुंबं असू शकतात. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्यात अर्जदार, त्याचे आईवडील, अठराखालची भावंडं, जोडीदार, अठराखालची मुलं. आयकरातलं अविभक्त हिंदू कुटुंब आणखी वेगळं.

ग्रामसेवकांना एवढंच सांगणं : योजनेच्या लाभार्थी कुटुंबांना जनगणनेच्या कुटुंबांनी भागून ‘गावात ११२ टक्के कुटुंबांना लाभ’ असा तक्ता वर पाठवू नका. शंभराच्या वर टक्केवारी गेली की भ्रष्टाचार शोधला जातो, आणि खरं कारण बहुतेक वेळा छेदात असतं.


तळटीप

नमुना पाहणी करणाऱ्यांसाठी एक तांत्रिक मुद्दा राहिला. गावात आधी सगळ्या कुटुंबांची यादी करतात, त्यातून काही निवडतात, आणि निवडलेल्या प्रत्येक कुटुंबाला एकूण भागिले निवडलेली असा भार देतात. गावात खरी १६५ कुटुंबं आणि यादीत १५० आली, पंधरा धाकटे भाऊ थोरल्यांत मिसळले, समजा. दहा निवडली, तर भार १६.५ ऐवजी १५. मिसळलेली कुटुंबं खरोखर मोठी नोंदली गेली असतील तर माणसं फारशी बुडत नाहीत. पण यादी करणाऱ्याने थोरल्याची फक्त चूल लिहिली आणि वरच्या मजल्यावर गेलाच नाही, तर ती माणसं हिशोबातूनच जातात. नमुना पाहण्यांतून काढलेली एकूण लोकसंख्या जनगणनेपेक्षा कमी भरते हे जुनं निरीक्षण आहे. त्याची इतरही कारणं आहेत, पण यादी हे त्यातलं दुरुस्त करता येण्याजोगं कारण. म्हणून पाहणीतली प्रमाणं वापरावीत, एकूण संख्या तशाच उचलू नयेत.


रानमोगरा

२०२७ च्या जनगणनेत स्वगणना आहे, म्हणजे लोक आपली माहिती ऑनलाइन भरून मिळालेला क्रमांक प्रगणकाला देऊ शकतात. तिथे चुलीचा निर्णय घरातला फोनवाला माणूस करणार. एका घरातल्या दोन भावांनी आईवडिलांची नावं दोघांच्याही अर्जात भरली तर? आणि आईवडील महिना-महिना वाटून राहत असतील तर कुणाकडे लिहायचे?


मोजपट्टी

रानमोगरा, वाटून राहणाऱ्या म्हाताऱ्यांची नोंद सगळ्यांत जास्त चुकते. २०११ चे नियम आणि तारखा घेऊन दाखवते.

वडील १५ फेब्रुवारीपर्यंत थोरल्याकडे सांगलीत, त्यानंतर धाकट्याकडे पुण्यात. सांगलीचा प्रगणक १२ तारखेला आला तर सांगलीत नोंद झाली. पुण्याचा २० तारखेला आला, वडील समोर बसलेले, तर त्याने आधी विचारायचं : ‘तुमचं नाव या महिन्यात दुसरीकडे लिहिलंय का?’ लिहिलं असेल तर पुन्हा नाही.

घात उलट क्रमात होतो. पुण्याचा प्रगणक १२ तारखेला येतो, धाकटा म्हणतो ‘ते दादाकडे असतात’. सांगलीचा २० तारखेला येतो, थोरला म्हणतो ‘ते आता पुण्याला गेले’. दोघेही खरं बोलले आणि वडील देशाच्या लोकसंख्येतून वजा झाले. २०११ च्या मोजणीनंतरच्या तपासणीत हजारी २३ माणसं सुटल्याचं आढळलं, त्यातली काही अशी सुटतात. नियम मात्र स्पष्ट होता : जो माणूस एखाद्या घरात नेहमी राहतो आणि मोजणीच्या काळातले थोडेतरी दिवस तिथे राहिला आहे, तो प्रगणक आला तेव्हा हजर नसला तरी तिथेच लिहायचा. म्हणजे इथे सांगलीत. थोरल्याला दोन प्रश्न विचारायचे : ‘९ तारखेपासून आजपर्यंत या घरात आणखी कोण राहून गेलं?’ आणि ‘त्यांचं नाव कुठे लिहून झालंय का?’ १ ते ५ मार्चच्या फेरतपासणीत पुण्याच्या प्रगणकानेही हाच प्रश्न पुन्हा विचारायचा होता, कारण त्याच्या पहिल्या भेटीनंतर वडील तिथे आले.

२०२७ चा संदर्भक्षण, म्हणजे लोकसंख्या ज्या क्षणाची धरायची तो, १ मार्चची मध्यरात्र आहे. स्वगणना करताना दोन्ही भावांनी अर्ज पाठवण्याआधी एकमेकांना फोन करून वडिलांचं नाव कुणाच्या अर्जात जाणार ते ठरवावं, आणि ज्याच्या अर्जात ते नसेल त्याने प्रगणक आल्यावर ते कुठे लिहिलंय हे आपणहून सांगावं.